शंभर पॉइंट्सचा विल्ट जिंकायला कधी शिकला?

२ मार्च १९६२. अमेरिकेतल्या हर्शी गावात विल्ट चेंबरलेनने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकट्याने १०० पॉइंट्स ठोकले. एनबीएत हा आकडा आजवर कुणालाच गाठता आलेला नाही.

१९३६ साली फिलाडेल्फियात जन्मलेला विल्ट सात फूट एक इंच उंच. कॉलेजात तो उंच उडीतही चमकायचा. ताकद, वेग, दम... सगळंच भरभरून! शंभरीच्या त्या सीझनमध्ये त्याची सरासरी होती मॅचमागे ५०.४ पॉइंट्स. पण प्लेऑफ्समध्ये बॉस्टन सेल्टिक्सने त्याच्या वॉरियर्सना सातव्या मॅचमध्ये दोन पॉइंट्सनी हरवलं. असं हरणं मग नेहमीचंच झालं.

पहिली चॅम्पियनशिप मिळाली थेट आठव्या सीझनमध्ये, १९६७ला. कोच अ‍ॅलेक्स हॅनम यांचं ऐकून विल्टने शॉट्स कमी केले, पास वाढवले. सरासरी २४वर आली, पण टीम जिंकली.

१९७२ला तो ३५ वर्षांचा होता, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. लेकर्सकडून तो आता मुख्यतः डिफेन्स आणि रिबाउंड्स सांभाळायचा; सरासरी जेमतेम १४.८. त्या सीझनमध्ये टीमने सलग ३३ मॅचेस जिंकल्या. फायनलच्या शेवटच्या मॅचला मनगट दुखावलेलं असतानाही त्याने २४ पॉइंट्स आणि २९ रिबाउंड्स काढले. दुसरी चॅम्पियनशिप!

१९९९ला, ६३व्या वर्षी विल्ट गेला. २९ रिबाउंड्स घ्यायला तसं शरीर लागतंच. पण बॉल कधी सोडायचा, हे त्याला अनुभवानेच शिकवलं.