रिचर्ड फोन फोल्कमान : आवळलेल्या बँडेजचा धोका ओळखणारा सर्जन

कंपार्टमेंट सिंड्रोमबद्दल वाचताना फोल्कमान हे नाव हमखास भेटते. रिचर्ड फोन फोल्कमान यांचा जन्म 1830 मध्ये जर्मनीतील लाइपझिगचा. हाडांमधील फोल्कमान नलिका मात्र त्यांच्या वडिलांच्या नावाची. यात डॉक्टरांचीही गल्लत होते. 1867 पासून ते हाले येथे शस्त्रक्रियेचे प्राध्यापक होते. लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत जर्मनीत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. फ्रान्सविरुद्धच्या युद्धात लष्करी सर्जन असताना त्यांनी परीकथा लिहिल्या. 1871 मध्ये त्या रिचर्ड लिआंडर या टोपणनावाने आल्या आणि लोकप्रिय झाल्या.

त्यांचे नाव वैद्यकात टिकले ते 1881 च्या एका छोट्या लेखामुळे. हाताला घट्ट बँडेज बांधल्यानंतर काही रुग्णांची बोटे कायमची आखडत. नस दबल्याने असे होते, हा तेव्हाचा समज. रक्तपुरवठा तुटल्याने स्नायूच मरतात आणि आक्रसतात, असे फोल्कमान यांनी मांडले. 1889 मध्ये ते वारले. बँडेज नसतानाही, स्नायूंवरच्या न ताणणाऱ्या आवरणाच्या आत सूज कोंडून हेच घडते, हे पुढच्या सर्जनांनी दाखवले.

पावलातही असे छोटे, घट्ट कप्पे असतात. उंचावरून पडून टाचेचे हाड मोडले किंवा पाऊल चाकाखाली चिरडले, की त्यांतला दाब वाढू शकतो. दुखापतीच्या मानाने फार जास्त, वाढतच जाणारी वेदना आणि डॉक्टरांनी बोटे हलवताच उठणारी कळ, ही महत्त्वाची लक्षणे. पावलाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका. ती बराच वेळ लागत राहते. प्लास्टर असेल तर ते लगेच, आतल्या कापसासकट, पूर्ण कापून सैल करावे लागते. पाऊल हृदयाच्या पातळीवर ठेवतात, फार उंच नाही.

निदान पक्के नसेल तर सुईने कप्प्यातील दाब मोजतात. तो खालच्या, म्हणजे डायास्टोलिक रक्तदाबाच्या 30 मिमीच्या आत आला, तर बहुतेक सर्जन आवरण कापून कप्पे मोकळे करण्याचा विचार करतात. याला फॅशिओटॉमी म्हणतात. जखम काही दिवस उघडी राहते, कधी त्वचारोपणही लागते. म्हणून पावलाच्या बाबतीत सर्जनांमध्ये आजही मतभेद आहेत. काहींच्या मते, नंतर पंजासारखी वाकलेली बोटे सरळ करणे परवडते. ही वाकलेली बोटे म्हणजे फोल्कमान यांनी हातात पाहिलेल्या आखडण्याचेच पावलातले रूप.