वॉल्ट डिस्ने : ‘स्नो व्हाइट’पासून ‘जंगल बुक’पर्यंत

जगभरातील मुलांच्या अनेक पिढ्या ज्या ॲनिमेशनपटांवर वाढल्या, ते आजही वॉल्ट डिस्ने यांच्या नावाने ओळखले जातात. मात्र त्यांच्या हयातीत तयार झालेले हे चित्रपट एकसारखे नाहीत. १९३७ ते १९४२, १९५० ते १९५९ आणि १९६१ ते १९६७ असे त्यांचे तीन ठळक कालखंड पडतात. प्रत्येक कालखंडात चित्रांची शैली बदलली, खर्चाचे गणित बदलले आणि स्वतः डिस्ने यांचे आपल्या कलेशी असलेले नातेही बदलले. त्यामुळे या कालखंडांची तुलना म्हणजे एका अर्थाने त्यांचे चरित्रच होय.

वॉल्ट डिस्ने यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागो येथे झाला. बालपणीची काही वर्षे मिसुरी राज्यातील मार्सलिन या छोट्या गावात शेतावर गेली. पुढे कुटुंब कॅन्सस सिटीला आले आणि शाळकरी वॉल्ट पहाटे उठून घरोघर वर्तमानपत्रे टाकू लागले. पहिल्या महायुद्धानंतर रेडक्रॉसचे वाहनचालक म्हणून ते काही काळ फ्रान्समध्ये होते. परतल्यावर त्यांनी कॅन्सस सिटीत काढलेली छोटी चित्रपट कंपनी १९२३ मध्ये दिवाळखोरीत निघाली. त्याच वर्षी हॉलिवूडला जाऊन त्यांनी थोरले बंधू रॉय यांच्यासमवेत नवा स्टुडिओ सुरू केला. चित्रे आणि कथा वॉल्ट यांच्याकडे, तर पैशाचा हिशेब रॉय यांच्याकडे, ही विभागणी अखेरपर्यंत टिकली.

१९२८ मध्ये त्यांना मोठा धक्का बसला. ‘ओसवाल्ड’ या लोकप्रिय सशाचे हक्क वितरकांकडे राहिले आणि बहुतेक चित्रकारही त्यांना सोडून गेले. जुने सहकारी अब आयवर्क्स मात्र सोबत राहिले. या दोघांच्या प्रयत्नांतून ‘मिकी माउस’ जन्माला आला. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्क येथे ‘स्टीमबोट विली’ हा ध्वनियुक्त लघुपट झळकला आणि डिस्ने यांचे नाव सर्वत्र झाले. आपण निर्माण केलेली व्यक्तिरेखा दुसऱ्याच्या मालकीची राहू द्यायची नाही, हा धडा ते पुढे कधीही विसरले नाहीत.

लघुपटांतून मिळणारे उत्पन्न मर्यादित होते. म्हणून डिस्ने यांनी पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटाचे धाडस केले. असे चित्रपट अर्जेंटिना आणि जर्मनीत यापूर्वी झाले होते. परंतु हॉलिवूडमध्ये या कल्पनेची थट्टाच झाली. व्यंगचित्रे पाहत प्रेक्षक दीड तास बसणार नाहीत, असा बहुतेकांचा कयास होता. डिस्ने यांनी चित्रकारांसाठी स्टुडिओतच शरीररचनेचे आणि हालचालींच्या अभ्यासाचे वर्ग भरवले. चित्राचे थर एकमेकांपासून दूर ठेवून त्याला खोली देणाऱ्या मल्टिप्लेन कॅमेऱ्याचा प्रयोग आधी एका लघुपटात करून पाहिला. खर्च सुमारे १५ लाख डॉलरवर गेला आणि बँक ऑफ अमेरिकेकडून कर्ज घ्यावे लागले. २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिस येथे ‘स्नो व्हाइट’ प्रदर्शित झाला. चित्रातील बुटक्यांना रडताना पाहून प्रेक्षकही रडले आणि सर्व शंका मिटल्या. या कामगिरीबद्दल डिस्ने यांना एक मोठे आणि सात छोटे असे आगळे ऑस्कर देण्यात आले.

या यशानंतरची चार-पाच वर्षे हा पहिल्या कालखंडाचा कळस मानला जातो. १९४० मध्ये ‘पिनोकियो’ आणि ‘फँटेशिया’ हे दोन चित्रपट आले. पाण्याची लाट, धुराचा लोट, काचेवरील प्रतिबिंब यांसाठी एवढा वेळ आणि पैसा पूर्वी कोणी खर्च केला नव्हता. तथापि, दुसऱ्या महायुद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली होती. दोन्ही चित्रपटांचा खर्च पहिल्या प्रदर्शनात भरून निघाला नाही. उलट १९४१ मध्ये आलेला ‘डंबो’ अवघ्या ६४ मिनिटांचा, साध्या रेखाटनांचा आणि कमी खर्चाचा होता. मोठ्या कानांच्या हत्तीच्या पिलाची ही गोष्ट मात्र लोकांना भावली आणि तिने नफाही मिळवून दिला.

याच सुमारास स्टुडिओत असंतोष धुमसत होता. काहींना उत्तम पगार, तर शाई भरणाऱ्या आणि रंगकाम करणाऱ्या तरुणींना व साहाय्यकांना तुटपुंजे वेतन मिळत असे. ‘स्नो व्हाइट’मधील राणीला पडद्यावर जिवंत करणारे आर्ट बॅबिट यांना संघटनेच्या कामामुळे काढून टाकण्यात आल्यानंतर २९ मे १९४१ रोजी संप सुरू झाला. ज्यांना आपण घडवले तेच उलटले, अशी डिस्ने यांची भावना झाली. कामगारांच्या दृष्टीने मात्र प्रश्न भाकरीचा आणि श्रेयाचा होता. अखेर स्टुडिओला संघटनेस मान्यता द्यावी लागली. ‘बाम्बी’ या चित्रपटातील धूसर, तरल अरण्याची दृश्यशैली घडवणारे चिनी वंशाचे चित्रकार टायरस वाँग यांनाही या संपाच्या पडसादांत नोकरी गमवावी लागली. ‘बाम्बी’ १९४२ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा तो घर पूर्वीचे राहिले नव्हते. १९४७ मध्ये अमेरिकी संसदीय समितीपुढे साक्ष देताना डिस्ने यांनी संपाच्या काही नेत्यांवर साम्यवादी असल्याचा ठपका ठेवला. त्यांच्या चरित्रातील हा भाग आजही वादग्रस्त आहे.

युद्धकाळात स्टुडिओने मुख्यतः सरकारसाठी प्रशिक्षणपट आणि प्रचारपट केले. युद्धानंतर बँकेचे मोठे कर्ज डोक्यावर होते. अशा वेळी १९५० मध्ये आलेल्या ‘सिंड्रेला’ने स्टुडिओला तारले. दुसरा कालखंड येथून सुरू होतो. आता प्रयोगांना कात्री लागली होती. बहुतेक दृश्ये आधी नटांकडून करवून, चित्रित करून घेतली जात आणि त्यांच्या आधारे रेखाटने होत, म्हणजे चुकांवर पैसा वाया जाऊ नये. त्यामुळे या दशकातील चित्रपट नेटके आणि देखणे आहेत. पण ‘पिनोकियो’तील काळोख आणि भय त्यांत क्वचितच आढळते.

डिस्ने यांचे लक्षही आता विभागले गेले होते. दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली आणि १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे ‘डिस्नेलँड’चे उद्घाटन झाले. ‘स्लीपिंग ब्यूटी’चे काम त्यामुळे वर्षानुवर्षे रेंगाळले. मध्ययुगीन चित्रांसारखी कोरीव पार्श्वभूमी, रुंद पडदा आणि सुमारे ६० लाख डॉलर खर्च असलेला हा चित्रपट १९५९ मध्ये आला. डोळे दिपवणाऱ्या या चित्रपटाला खर्च भरून काढता आला नाही आणि अनेक चित्रकारांच्या नोकऱ्या गेल्या.

तिसऱ्या कालखंडाची सुरुवात काटकसरीतूनच झाली. पेन्सिलची रेघ झेरॉक्स तंत्राने थेट पारदर्शक पत्र्यावर उतरवण्याची पद्धत आयवर्क्स यांनी विकसित केली. हाताने शाई भरण्याचे काम त्यामुळे मोठ्या प्रमाणावर संपले. १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’ या चित्रपटात शेकडो ठिपकेदार कुत्रे दिसू शकले ते यामुळेच. खडबडीत रेघा आणि सपाट रंग यांची ही आधुनिक धाटणी पूर्वीच एका वेगळ्या स्टुडिओने रूढ केली होती. विशेष म्हणजे ‘यूपीए’ हा स्टुडिओ १९४१ च्या संपानंतर बाहेर पडलेल्या मंडळींनी उभारला होता. डिस्ने यांना नवी रेघ रुचली नाही. प्रेक्षकांनी मात्र चित्रपट उचलून धरला.

डिस्ने यांचे शिल्प भारतातही पोहोचले होते. ‘बाम्बी’साठी काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईत आले आणि तत्कालीन फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात त्यांनी भारतीय चित्रकारांना प्रशिक्षण दिले. त्यातून १९५७ मध्ये ‘द बनियन डिअर’ हा जातककथेवरील लघुपट साकारला. भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू राम मोहन हे याच विभागात घडले.

डिस्ने यांनी जातीने लक्ष घातलेला अखेरचा ॲनिमेशनपटही भारतातील जंगलातच घडतो. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांच्या कथांवर आधारित ‘जंगल बुक’चा पहिला आराखडा मूळ पुस्तकाप्रमाणे गंभीर होता. डिस्ने यांनी तो नाकारला आणि भर दिला तो बल्लू, बघीरा, शेरखान यांच्या स्वभावांवर. या चित्रपटात मल्टिप्लेनचा झगमगाट फारसा नाही. एका अस्वलाचा आणि एका मुलाचा जिव्हाळा आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाने १५ डिसेंबर १९६६ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी डिस्ने यांचे निधन झाले. चित्रपट पुढील वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला आणि जगभर गाजला.

तिन्ही कालखंडांची तुलना केली असता पहिल्याची चित्रसंपदा पुढे पुन्हा लाभली नाही, हे मान्य करावे लागते. परंतु ‘डंबो’, ‘डाल्मेशियन्स’ आणि ‘जंगल बुक’ यांचे यश हेही सांगते, की पैसा आटला तरी व्यक्तिरेखेतील जीव आटत नाही. तो जीव ओतणाऱ्या शेकडो हातांपैकी अनेकांची नावे पडद्यावर कधी आलीच नाहीत. डिस्ने यांच्या थोरवीचा हिशेब मांडताना ही बाजूही जमेस धरावी लागेल.