पीटर वॉकर : सुरांचे सोयरिक जुळवणारा अभियंता

उत्तम अ‍ॅम्प्लिफायर आणि उत्तम स्पीकर एकत्र आणले की संगीत आपोआप उत्तम वाजते, हा गैरसमज अनेक दर्दींना महागात पडतो. दोघांचे सूत जुळावे लागते. ही जुळणी ज्यांनी आयुष्यभराचा ध्यास मानली, त्या ब्रिटिश अभियंत्याचे नाव पीटर वॉकर.

1916 साली जन्मलेल्या वॉकर यांनी वयाच्या विशीतच, 1936 मध्ये, लंडनमध्ये ध्वनियंत्रणांचा व्यवसाय सुरू केला. महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांमुळे 1941 मध्ये कारखाना हंटिंग्डन या छोट्या गावी हलवावा लागला. पुढे तेथूनच ‘क्वाड’ हे नाव जगभर पोहोचले. वॉकर स्वतः हौशी बासरीवादक होते. त्यामुळे मूळ वाद्याचा नाद कसा असतो, हे त्यांना केवळ मोजमापांतून शिकावे लागले नाही.

1953 मध्ये आलेला ‘क्वाड टू’ हा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर अवघ्या 15 वॉटचा होता. 1957 मध्ये त्यांनी इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बाजारात आणला. त्यात कागदी शंकू नव्हता; हजारो व्होल्टचा विद्युतभार धारण करणारा अतिशय पातळ प्लास्टिकचा पडदा दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये कंप पावत असे. त्यातून उमटणाऱ्या मानवी आवाजाच्या स्वच्छतेने श्रोते थक्क झाले.

मात्र हा स्पीकर स्वभावाने हळवा होता. त्याचा विद्युतरोध स्वर उंचावेल तसा झपाट्याने घटे आणि त्याची धारिता काही अ‍ॅम्प्लिफायरांना अस्थिर करून सोडे. अधिक व्होल्टेज मिळाल्यास आत ठिणगी पडून पडदाच निकामी होई. वॉकर यांच्या लहानशा अ‍ॅम्प्लिफायरबरोबर मात्र तो सुखाने नांदत असे. 1967 मधील ट्रान्झिस्टरच्या ‘क्वाड 303’ची रचना करतानाही त्याची ही मर्यादा त्यांनी नजरेआड केली नाही.

पुढे बाजाराला अधिक शक्ती हवी झाली. 1976 मध्ये त्यांनी 100 वॉटचा ‘405’ आणला. त्यात एक छोटा, अचूक भाग मोठ्या भागाच्या चुका दुरुस्त करी. या कल्पनेला 1978 मध्ये ब्रिटनचा क्वीन्स अवॉर्ड मिळाला. पण हीच वाढीव शक्ती त्यांच्या जुन्या स्पीकरच्या जिवावर उठणारी होती. म्हणून व्होल्टेजला लगाम घालणारी जोड त्यांना पुरवावी लागली. आपल्याच एका अपत्यापासून दुसऱ्याला वाचवण्याचा हा प्रसंग होता.

जुन्या स्पीकरचा आवाज मोठा नव्हता, खर्जही मर्यादित होता. त्यावर उत्तर शोधण्याचे काम 1963 मध्ये सुरू झाले आणि नवा ‘ईएसएल 63’ विक्रीस आला तो 1981 मध्ये. अपुरे काम बाजारात न आणण्याची ही शिस्त विरळाच.

डिसेंबर 2003 मध्ये वॉकर यांचे निधन झाले. अ‍ॅम्प्लिफायरने स्वतःचा रंग न मिसळता केवळ संगीत पुढे पोहोचवावे, ही त्यांची धारणा होती. वॉटचे आकडे पाहून खरेदी करणाऱ्यांनी आजही ध्यानी घ्यावा, असाच हा वारसा आहे.