जोडतारे मोजणारे कॅप्टन जेकब

लग्नात नवरा-नवरीला वसिष्ठ-अरुंधती दाखवतात. ते तारे सप्तर्षीत आहेत. वसिष्ठ आपल्याला एकच दिसतो, पण दुर्बिणीतून बघितले तर ते दोन तारे आहेत. अशा ताऱ्यांना जोडतारे म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात पुण्याला राहून जोडतारे मोजणारे एक थोर शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचे नाव कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब.

त्यांचा जन्म १९ नोव्हेंबर १८१३ रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडील पाद्री होते. जेकब शिकून इंजिनिअर झाले आणि १८३१ साली मुंबईला आले. त्यांनी जमीन मोजण्याचे काम केले, पण त्यांना आवड आकाशाची होती. १८४२ साली त्यांनी पुण्यात स्वतःची वेधशाळा काढली. जोडीतले दोन तारे एकमेकांपासून किती लांब आहेत व कोणत्या दिशेला आहेत, हे ते मोजायचे. अशा २४४ जोडताऱ्यांची त्यांनी यादी केली. पुढे ते मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख झाले.

भुजंगधारी नावाच्या तारकासमूहात ७० नंबरचा जोडतारा आहे. त्यातले दोन तारे ८८ वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी मारतात. म्हणजे एका फेरीत माणूस म्हातारा होऊन जातो! पण त्या ताऱ्यांची चाल हिशोबात बसेना. तिथे न दिसणारा एखादा ग्रह असावा, असे जेकब यांनी १८५५ साली सांगितले. तो ग्रह अजून कोणाला सापडला नाही.

ताऱ्याभोवती धूळ आणि वायूची चकती असते. तिच्यातून ग्रह बनतात. जोडीतला दुसरा तारा जवळ असला तर तो ओढून ओढून चकतीची कड तोडतो, भाकरीची कड मोडावी तशी. मग ग्रहाला माल कमी पडतो. तरी दुसऱ्या काही जोडताऱ्यांना ग्रह सापडले आहेत. म्हणजे जेकब यांचा प्रश्न चांगलाच होता.

पुण्याजवळ डोंगरावर वेधशाळा बांधायची, असे त्यांनी ठरवले. सरकारने १००० पौंड मंजूर केले. नऊ इंची दुर्बीण त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतली. ऑगस्ट १८६२ मध्ये ते बोटीने मुंबईला उतरले, आणि थोड्याच दिवसांत पुण्याला वारले. तेव्हा ते फक्त ४८ वर्षांचे होते. दुर्बीण होती पण बघणारे गेले. मला फार वाईट वाटले.

मित्रांनो, किनवटला लाईट गेली की आकाश लई छान दिसते. तेव्हा आईबाबांना घेऊन अंगणात या. वसिष्ठाजवळची बारीक अरुंधती कोणाकोणाला दिसते ते बघा. जेकब यांना माझे वंदन.

— इयत्ता चौथी