लक्ष्मीबाई टिळक : घरच्या शाळेंत शिकलेला धर्म

धर्म म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रार्थनामंदिर, शास्त्रग्रंथ आणि उपदेशक उभे राहतात. रोजचें घर, त्यांतील चूल, पाण्याची घागर, मुलांचीं भांडणें व पाहुण्यांची वर्दळ यांचा धर्माशीं कांहीं संबंध असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु आपल्या महाराष्ट्रांत एक बाई अशी होऊन गेली, कीं जिनें ख्रिस्ती धर्माचे मुख्य धडे घरांतच गिरविले, आणि ते गिरवितांना फार मोठी किंमत मोजली. ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्रामुळें मराठी वाचकांस सुपरिचित झालेल्या लक्ष्मीबाई टिळक त्या ह्याच.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळील जलालपूर गांवीं, गोखल्यांच्या घरीं झाला. माहेरचें नांव मनकर्णिका. १८५७ च्या बंडांत त्यांच्या आईच्या वडिलांस फांशी देण्यांत आलें. ह्या घटनेचा लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर इतका विलक्षण परिणाम झाला, कीं तेव्हांपासून त्यांस सोंवळ्याओंवळ्याचें जणूं वेडच लागलें. ज्या वस्तूस बाहेरचा हात लागला ती धुतल्यावांचून घरांत यावयाची नाहीं. बाजारांतून आणलेलें धान्यसुद्धां धुऊन घ्यावयाचें. मुलांनीं कशास शिवावें व कशास शिवूं नये, याचा धाक अष्टौप्रहर असे. त्या घरांत पाणी पुष्कळ सांडलें, पण त्यानें कोणाचेंहि मन सुखावलें नाहीं. शुद्धता म्हणजे काय, हा प्रश्न लहानग्या मनकर्णिकेपुढें असा घरांतच उभा राहिला. त्याचें उत्तर मिळण्यास मात्र पुढें अनेक वर्षें जावीं लागलीं.

अकराव्या वर्षीं त्यांचें लग्न नारायण वामन टिळकांशीं झालें. टिळकांचा जन्म १८६१ चा. ते कवि, विद्वान व वक्ते होते; परंतु स्वभावानें मोठे अस्थिर. आज ह्या गांवीं तर उद्यां त्या गांवीं. हातीं पैसा आला कीं तो मागेल त्यास देऊन मोकळे! असल्या संसारांत घडी कशी बसावी? पत्नीस अक्षरओळख करून दिली ती टिळकांनींच. तरीहि जोडाक्षरांशीं लक्ष्मीबाईंचें सख्य जन्मभर जमलें नाहीं. पतिपत्नी दोघेहि तापट असल्यामुळें घरांत भांडणें होत. पुढें म्हातारपणीं लक्ष्मीबाईंनीं हीं भांडणें हंसत हंसत लिहून ठेविलीं, आणि त्यांत आपलीहि बाजू झांकली नाहीं.

ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई व लहान मुलगा दत्तू हे मागेंच राहिले. त्या काळीं धर्मांतर केलेला पति जिवंत असूनहि गेल्यासारखाच मानीत. त्याच्याकडे जावें तर आईबाप, भावंडें, आप्तेष्ट सर्व कायमचे तुटावयाचे; न जावें तर सवाष्ण असूनहि विधवेप्रमाणें दिवस कंठावयाचे. टिळकांनीं जें केलें तें आपल्या अंतःकरणाशीं प्रामाणिक राहून केलें, ह्यांत शंका नाहीं. पण त्याचा घाव सोसला तो लक्ष्मीबाईंनीं, हेंहि तितकेंच खरें आहे. नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणीं नातलगांच्या आश्रयानें त्यांनीं दिवस काढिले. दुःख अनावर झालें तेव्हां त्या बाईच्या तोंडून कविता बाहेर पडूं लागली.

सुमारें पांच वर्षांची ही ताटातूट अखेर संपली. लक्ष्मीबाई अहमदनगरास पतीकडे गेल्या. परंतु धर्म पटला म्हणून गेल्या असें कोणी समजूं नये. त्या गेल्या त्या पतीच्या मायेनें व मुलाच्या हितासाठीं. त्यांनीं आपलें स्वयंपाकपाणी निराळें ठेविलें. ज्या सोंवळ्यानें लहानपणीं जीव नकोसा केला होता, तेंच सोंवळें आतां त्यांचा आधार झालें. टिळकांनीं त्यास हरकत घेतली नाहीं. पत्नीच्या मनावर सक्ति करावयाची नाहीं, हा त्यांचा निश्चय होता. ज्यानें एकदां उतावळेपणानें घर सोडलें, त्याच पुरुषानें घरांतील दोन निराळ्या चुली शांतपणें पाहिल्या. ही गोष्ट लहान वाटते. पण लक्ष्मीबाईंच्या मनाचें दार जें किलकिलें झालें, तें वादविवादानें न होतां ह्या धीरानें झालें असावें, असें आम्हांस वाटतें.

पुढें राहुरीच्या मुक्कामांत त्यांच्या मनांत जातिभेदाविषयीं विचार घोळूं लागले. हे भेद देवानें केले कीं माणसांनीं? देवानें तर स्त्री आणि पुरुष निर्माण केले. उच्चनीचपणाच्या भिंती माणसांनीं मागाहून बांधल्या. हें उत्तर त्यांस कोणीं पढविलें नव्हतें; तें त्यांचें त्यांसच सुचलें. आणि एकदां सुचल्यावर त्यांनीं तें मनांत कोंडून ठेविलें नाहीं. आजपासून कोणाच्याहि हातचें खाईन व पिईन, असा त्यांनीं निर्धार केला. बाप्तिस्मा त्यांनीं १९०० सालीं घेतला. पण आमच्या मतें त्यांचें खरें मनःपरिवर्तन झालें तें ह्या निर्धाराच्या वेळीं. माणसांस दूर ठेवण्यासाठीं पाणी कसें वापरतात हें जिनें बापाच्या घरीं पाहिलें, तीच आतां कोणाहि माणसाच्या हातून पाणी घेण्यास सिद्ध झाली.

यानंतर टिळकांचें घर कधीं रिकामें राहिलें नाहीं. पोरकीं मुलें, विद्यार्थी, कवि, वाटसरू, जो येई त्यास त्या घरांत पान मांडलेलें असे. टिळकांनीं माणसें आणावीं, आणि डब्यांत पीठ किती उरलें ह्याचा हिशेब लक्ष्मीबाईंनीं करावा! शेजाऱ्यावर प्रीति करावी हें प्रभूचें वचन प्रार्थनामंदिरांत ऐकणें सोपें आहे. पण महिनाअखेरीस दोन माणसें अधिक जेवावयास आलीं म्हणजे त्याची खरी परीक्षा होते. ती परीक्षा लक्ष्मीबाई रोज देत होत्या, प्रसंगीं कुरकुरत देत होत्या, परंतु देत होत्या. बालकवि ठोमरे हे तरुण हिंदु कवि नगरास त्यांच्या घरीं राहिले, तेव्हां त्यांस तेथें आईचीच माया मिळाली. प्लेगच्या साथींत जेव्हां रक्ताचीं माणसेंहि एकमेकांस टाळूं लागलीं, तेव्हां लक्ष्मीबाईंनीं रोग्यांची शुश्रूषा केली. एके काळीं स्पर्शाला भिणारे हात आतां स्पर्शानेंच धीर देऊं लागले.

१९१७ सालीं टिळकांनीं संन्यस्त वृत्ति स्वीकारली, आणि ता. ९ मे १९१९ रोजीं ते निवर्तले. पन्नाशी ओलांडलेल्या लक्ष्मीबाई पुढें कांहीं काळ मुलाबरोबर कराचीस राहिल्या. टिळकांनीं ख्रिस्तचरित्रावर ‘ख्रिस्तायन’ हें ओवीबद्ध काव्य आरंभिलें होतें. त्याचे दहा-साडेदहा अध्याय होऊन तें अपुरें राहिलें होतें. जोडाक्षरें लिहितांना जिचा हात अडखळे, त्या बाईनें तें काम उचललें व साठांहून अधिक अध्याय रचिले! ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध होऊं लागलीं. ता. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं लक्ष्मीबाईंनीं देह ठेविला. राहिलेलें लेखन पुत्र देवदत्त ह्यांनीं पुरें केलें. ‘ख्रिस्तायन’ १९३८ सालीं प्रकाशित झालें. ज्या पतीमुळें त्यांनीं एवढें सोसलें, त्याच्याविषयीं त्यांच्या आठवणींत कडवटपणा नाहीं. क्षमा म्हणजे काय ह्यावर त्यांनीं प्रवचन केलें नसेल. पण तें पुस्तक वाचून क्षमेचा अर्थ कळतो.

विद्यार्थिमित्रांनो, थोरांचीं चरित्रें वाचून आपण त्यांस नमस्कार करितों व पुस्तक मिटतों. ह्या वेळीं तसें करूं नका. आज घरीं गेल्यावर एवढेंच पाहा, कीं तुमच्या घरीं कामास येणाऱ्या बाईसाठीं चहाचा पेला निराळा ठेविलेला आहे काय? असल्यास तो निराळा कां, हें नम्रपणें आईस विचारा. आणि पालकहो, तुमच्या मुलानें असें विचारलें तर त्याजवर रागावूं नका. तो पेला फळीवरून काढून इतर पेल्यांत मिसळण्यास क्षणभराचा अवधि पुरेल. लक्ष्मीबाईंना मात्र त्यासाठीं अर्धें आयुष्य खर्चावें लागलें. आणि त्यांनीं तें खर्चिलें म्हणूनच आपली वाट आज इतकी सोपी झाली आहे.