टिपूच्या लोकांनी कापलेलं नाक पुण्याजवळ परत बसलं, आणि लंडनचे डॉक्टर बघत राहिले!

नाव कावसजी. ऐकायला पारशी वाटतं, पण तेव्हाच्या नोंदीत तो मराठा शेतकरी आहे. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत तो बैल हाकायचा. टिपू सुलतानाच्या लोकांनी त्याला पकडलं, नाक आणि एक हात कापला आणि सोडून दिलं. पुढं कंपनीची पेन्शन मिळाली, पण कापलेलं नाक घेऊन गावात फिरायचं कसं? नाक कापणं ही आपल्याकडं नुसती जखम नसते.

वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतला एक माणूस भेटला. त्याचं नावही कुणी लिहून ठेवलं नाही, हे जास्त खटकतं.

त्यानं आधी मेणाचं नाक केलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं आणि भोवती रेघ मारली. मग नाकाच्या खुंटावरचा जुना, घट्ट झालेला व्रण सोलून काढला. हे महत्त्वाचं, कारण व्रणावर नवी कातडी धरत नाही, ताजी कड लागते. कपाळाची कातडी सोलून, पिळा देऊन खाली आणली, पण दोन डोळ्यांच्या मधली पट्टी तोडली नाही. रक्त तिथूनच येत होतं. वरून कातात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपाच्या. ती मधली पट्टी साधारण पंचविसाव्या दिवशी कापली.

मुंबईचे डॉक्टर क्रूसो आणि फिंडले यांनी ही शस्त्रक्रिया समोर बघितली. दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये, चित्रकार जेम्स वेल्सनं कावसजीचं चित्र काढलं. कपाळावरचा व्रण काही काळानं फारसा दिसत नाही, अशी नोंद झाली. नशीबच म्हणायचं, कारण काहींच्या अंगावर जखमेचा व्रण फुगून केलॉइड होतो. तो नुसता कापला तर बऱ्याचदा परत येतो. म्हणून आता सिलिकॉनची पट्टी आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन वापरतात.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजीची हकीकत चित्रासकट छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जननं आधी मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये एका लष्करी अधिकाऱ्याचं नाक याच पद्धतीनं बसवलं. आजही कॅन्सरमुळं नाकाचा भाग काढावा लागला, तर प्लास्टिक सर्जन अनेकदा कपाळाचीच कातडी वापरतात.