हरेगावची परिषद आणि बाबासाहेबांचा वेठीविरुद्धचा लढा

बाबासाहेबांचे चरित्र आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. 14 एप्रिल 1891 चा महूचा जन्म, कोलंबिया, लंडन, महाड, नागपूर हे सगळे आपली लहान मुलेसुद्धा घडाघडा सांगतात. म्हणून या स्मरणिकेत आम्ही त्यांच्या आयुष्यातली एकच बाजू घेतली आहे. आपल्या नगर जिल्ह्याशी तिचा जवळचा संबंध आहे.

16 डिसेंबर 1939 रोजी हरेगावला महार-मांग वतनदारांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. वतनी जमिनींवरचा आकार सरकारने वाढवला होता, त्याविरुद्ध ही परिषद. हाडकी-हाडवळ्याचा तुकडा तो केवढा, आणि त्यापायी येसकरकी, तराळकी, सांगावे पोचवणे, मेलेली जनावरे ओढणे! हाक आली की हातातले काम टाकून पळायचे. रात्र म्हणायची नाही, आजारपण म्हणायचे नाही. वर साराही वाढवायचा, म्हणजे काय म्हणावे?

बाबासाहेबांनी हे आधीच ओळखले होते. 19 मार्च 1928 ला त्यांनी मुंबई कायदे मंडळात वतन सुधारणेचे बिल मांडले. ज्याला वतन नको असेल त्याला जमीन पूर्ण साऱ्यावर मिळावी आणि कामातून मोकळीक मिळावी, असा त्याचा रोख होता. बिलाची मोडतोड झाली, 1929 मध्ये त्यांनी ते मागे घेतले. वतन म्हणजे मान, असे समजणारे आपल्यातही होते, हे इथे कबूल केले पाहिजे.

पुढच्याच वर्षी, 1930 मध्ये, जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने सक्तीच्या मजुरीविरुद्ध करार केला. तिकडे साऱ्या जगाचा प्रश्न होता, इकडे आपल्या वाड्यावाड्यातला.

1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. 1919 च्या पहिल्या जागतिक करारात कामाचे आठवड्याला 48 तास ठरले, पण हिंदुस्थानच्या मजुराला मात्र 60! बाबासाहेबांच्या काळात, 1946 च्या कायद्याने, आपल्या कारखान्यांतही 48 आले.

एक अवघड गोष्ट आम्ही टाळत नाही. खाणीत जमिनीखाली बायकांना कामाला लावू नये, असा 1935 चा जागतिक करार होता आणि आपल्याकडे 1937 पासून तशी बंदी होती. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून 1943 मध्ये सरकारने ती उठवली. खाली उतरणाऱ्यांत संथाळ आणि इतर आदिवासी बाया पुष्कळ होत्या. त्या खात्याचे मंत्री बाबासाहेबच. त्यांनी पुरुषाइतकीच मजुरी देण्याचा आग्रह धरला, डिसेंबर 1943 मध्ये धनबादला स्वतः खाणीत उतरून पाहिले. 1 फेब्रुवारी 1946 पासून बंदी परत लागू झाली. तरी त्या अडीच वर्षांची किंमत त्या बायांनीच मोजली, असे आम्हाला वाटते.

राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने वेठबिगारीला बंदी झाली. जिनिव्हाचा 1930 चा करार भारताने 1954 मध्ये मान्य केला. बाबासाहेब 6 डिसेंबर 1956 ला गेले. आदिवासींच्या जमिनी आणि मजुरीविषयीचा जागतिक करार त्यानंतरचा, 1957 चा. भारताने तो 1958 मध्ये स्वीकारला. 1989 मध्ये त्याच्या जागी आलेला नवा करार मात्र भारताने अजून स्वीकारलेला नाही. अकोल्याचे आपले महादेव कोळी, ठाकर बांधव त्यातच आले.

महार वतन 1 ऑगस्ट 1959 पासून खालसा झाले. जमिनी कब्जेहक्काची रक्कम भरून आपल्याच लोकांना मिळाल्या, त्याही नवीन शर्तीवर. ज्यांच्या घरी असा सातबारा आहे त्यांनी तो एकदा काढून मुलांना दाखवावा.